न सुटलेली जोडी

प्रिय ताई,

काल आंजीला जाऊन तुझ्या नवऱ्याचं दुसरं लग्न मोडून आले. ते तुला माझ्याच तोंडून कळावं, म्हणून लिहिते आहे. आणि मला जराही वाईट वाटत नाहीये!

आठवतं, बेबी झाली तेव्हा? तिरपे इवलेसे डोळे, सैल मान, बाहेर डोकावणारी जीभ. ऐंशी सालच्या सूर्यग्रहणात तू पोटुशी होतीस ना, तुझी सासू खाटेजवळ येऊन म्हणाली, "गिऱ्हानात इळी घेतली हातात, आता भोग!" तू मान खाली घातलीस. काऊन, ताई? त्या दिवशी तर तू आपल्याकडे, बोरगावला, तापाने पडून होतीस! एक शब्द तरी बोलायचा होतास.

बेबी वर्षाची व्हायच्या आत तुझ्या नवऱ्याने तुम्हा दोघींना आपल्या दारात आणून टाकलं. पुढे तू काविळीने गेलीस. तेरवीलाही तो आला नाही.

मी तेव्हा वर्ध्याला बी.एस्सी. करत होते. कांद्याच्या मुळाचं टोक काचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की पेशीतली गुणसूत्रं दिसायची. मधोमध रांगेत उभी राहायची, मग प्रत्येकाचे दोन भाग होऊन दोन टोकांना जायचे. मी सरांना बेबीचं सांगितलं. त्यांनी ओळखीने तिचं रक्त तपासून घेतलं. शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रं! बीज तयार होताना एक जोडी सुटायला हवी होती, ती सुटलीच नाही. दोन्ही एकाच बाजूला गेली.

"बापाकडूनच ना, सर?" मी घाईने विचारलं.

"बहुतेकदा आईच्या बीजात होतं, कधी बापाच्या. कुणाच्या हातात नसतं ते. दोष कुणाचाच नाही."

किती राग आला मला! तो दोष मला त्याच्याच कपाळी हवा होता. मग म्हटलं, असू दे. जोडी सुटली नाही हा त्याचा गुन्हा नाही. तुला टाकलं, हा आहे.

त्याने नव्या सोयऱ्यांना सांगितलं होतं, पहिली बायको मूलबाळ न होताच वारली. काल तुझ्या अबोली लुगड्याचा फ्रॉक घालून बेबीला भर मांडवात नेलं. "बेबी, हे तुझे बाबा." ती धावत जाऊन त्याला बिलगली. त्याने तिला ढकललं, ताई!

नवरीचा बाप उठला. "पोरगी तुमची हाय का?"

"तिच्या मायनं गिऱ्हान पाळलं नाई..." तुझी सासू ओरडली.

"हो, ह्याचीच आहे," मी म्हणाले. "ग्रहणाने नाही झाली अशी. पोटात रुजायच्या आधीच ठरलं होतं ते. पण हिला नाकारलं ह्याने, शुद्धीत असताना."

नवरीने स्वतःच बाशिंग सोडलं. "बाबा, मले नाई करायचं हे लगन."

तुझ्या सासूचा चेहरा तू पाहायला हवा होतास!

परतताना बसमध्ये बेबी विचारत होती, "बाबा रडून राह्यले का?" तिचा जीव तुझ्यासारखाच. ती त्याला माफ करील. मी नाही. तो जिथे जिथे बाशिंग बांधेल, तिथे तिथे बेबीचा हात धरून मी उभी असेन. शब्द देते तुला.

तुझी,
नलू