भीतीला पुरावा मागा

सोमवार, २७ ऑक्टोबर
भाषणाची सुरुवात जमली. “त्रेबीचच्या ज्येष्ठ नागरिकांनो, तुम्हाला रोज कोणीतरी घाबरवतं. आज ड्रोन, उद्या महायुद्ध. आणि ती भीती तुम्ही फॉरवर्ड करता!” विषय: भीतीला पुरावा मागा. येत्या ५ तारखेला, बुधवारी सकाळी साडेअकराला, वाचनालयात. रंगलं तर आमच्या चिकित्सक मंडळाला दरमहा सभागृह मिळणार. सासूबाई पहिल्या रांगेत हव्यात. त्यांचे ते घाबरवणारे फॉरवर्ड ईमेल!

मंगळवार, २८
चेक राष्ट्रीय दिनाची सुट्टी. दिवसभर युरोपच्या बातम्या. केवळ अभ्यास म्हणून. उत्तरेत ड्रोनमुळे आणखी एक विमानतळ बंद. आमचा मुलगा वोयता फौजेत, सध्या लाटव्हियात, रशियाच्या सीमेजवळ. आठवडाभर फोन नाही. काळजीला शास्त्रीय आधार शून्य. बायको, यित्का, म्हणाली, मग चहात मीठ का घातलंस?

गुरुवार, ३०
तळघरात पाणी, डबाबंद मांस आणि दोन खोके मेणबत्त्या ठेवल्या. भीती नाही, रविवारी पितरांसाठी दिवे लागतातच. यित्काने विचारलं, आपले एवढे लोक कधी वारले?

रविवार, २ नोव्हेंबर
सासऱ्यांच्या थडग्यावर दिवे लावले. सासूबाई म्हणाल्या, तोंड उतरलंय, पोराचा फोन नाही का? आकडेवारी पाहता तो सुरक्षित आहे, असं मी समजावलं. “आकडेवारीला विचारा, जेवला का तो,” म्हणाल्या. मनात आलं, आपणच त्याला फोन करू, पण ड्यूटीवर असेल. उचलला नाही तर उगाच गैरसमज.

सोमवार, ३
गंभीर. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला देशभर धोक्याच्या भोंग्यांची चाचणी होते. आज मेसेज आला: परवाची चाचणी रद्द. भोंगा वाजला, तर हल्ला खरा समजा.
मी नीट तपासला. शुद्धलेखन उत्तम, खाली शिक्का, पाठवणारा आमचाच सदस्य, तोही इंजिनिअर. याला फॉरवर्ड म्हणत नाहीत, माहिती म्हणतात. मंडळात सर्वांना पाठवला. वर लिहिलं: ‘तपासले आहे. अध्यक्ष.’

मंगळवार, ४
झोप नाही. कॉफीमुळे. भाषण पाठ. उद्या इतिहास घडणार.

बुधवार, ५, संध्याकाळ
सभागृह भरलेलं. आवाज लागला होता. “भीती दारात आली की तिला ओळखपत्र मागा,” इथवर आलो आणि बाराच्या ठोक्याला भोंगा वाजला.
मला एवढंच आठवतं की वोयता लहानपणी सायकलवरून पडला होता, तसा दिसला. मी ‘तळघरात चला’ असं ओरडलो म्हणे. टेबलाखाली कसा गेलो ते माहीत नाही. म्हातारे जागचे हलले नाहीत. एकाने घड्याळ लावून घेतलं. तळघरात पळाले ते फक्त आमच्या मंडळाचे लोक. काही तर माझ्या ओरडण्याच्याही आधी.
वाचनालयाने दरमहाची वेळ विणकाम गटाला दिली.
सासूबाई टेबलाशी वाकल्या. “जावईबापू, पहिला बुधवार आहे. बाहेर या.” मी म्हटलं, मेसेज तपासलेला होता. त्यांनी विचारलं, कोणी तपासला? म्हटलं, मी. हसतील असं वाटलं, हसल्या नाहीत. माझ्या खिशातला फोन काढून त्यांनी माझ्याच हातात ठेवला. आता घरी फोन समोर आहे, आकडे अजून दाबलेले नाहीत. त्यांचं वाक्य तेवढं लिहून ठेवतो, भाषणाचा शेवट म्हणून कधी उपयोगी पडेल.
“पुरावा हवा ना? मग पोराला फोन लावा.”