दालचिनीच्या तेलाचा रिपोर्ट

कोपर, डोंबिवली पश्चिम

तीर्थस्वरूप कुंडलिकमामांच्या पायाशी भाचा दिपेशचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींची कंबर? तांबडी गाय? (तिघांनाही तुम्ही तुमचंच तेल चोळत असाल, म्हणून विचारतो.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही अर्ध्यातच ओरडायला लागता. पत्रावर ओरडलात तर मला ऐकू येत नाही.

तर मामा, तेलाचा रिपोर्ट आला. तुम्ही म्हणालेलात, रिपोर्ट वाईट आला तर तेल काढायची भट्टी मोडून तांब्याचा हंडा भंगारात घालीन. म्हणून आधी हातोडी बाजूला ठेवा आणि पत्र शेवटपर्यंत वाचा. मी शीळफाट्याच्या ज्या लॅबमध्ये काचेची भांडी धुतो, तिथं जंतू पाळतात. (उबदार कपाटात ठेवून त्यांना खाऊपिऊ घालतात, माझ्यापेक्षा वेळेवर.) बशीत जेली असते, तिच्यावर जंतू पसरायचे आणि तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची. तेलात दम असेल तर दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो. आमच्या ऋजुता मॅडम सांगतात, तेल जंतूच्या भिंतीत घुसतं, भिंत गळायला लागते, आतलं सगळं बाहेर येतं आणि तो मरतो. (आमच्या खोलीची भिंत तीन पावसाळे गळतेय, आम्ही चौघं जिवंत आहोत. पण सातवी नापासानं मॅडमसमोर किती बोलायचं.)

मॅडमच्या मागे लागून तुमचं तेल लावून घेतलं. शेजारी बाजारातलं लवंगेचं. लवंगेभोवती रुपयाएवढा गोल पडला. तुमच्या टिकलीला जंतू असे खेटून बसलेले, जशी लग्नाची पंगत. मॅडम म्हणाल्या, "दिपेश, हे औषध आहे की यांचा खाऊ?" मी म्हटलं, मामांचा स्वभावच तसा, दारी आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत.

तुमचा आज्ञाधारक,
दिपेश

ता. क. मामींना वाचून दाखवत असाल तर इथं थांबा.

ता. क. २. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला खोलीत तेल नव्हतं. आमच्या चौघांतला साईनाथ म्हणाला, अरे मामाची बाटली आहे ना. चौघांनी चोळलं आणि चौघंही अंग भाजल्यासारखे नळाखाली नाचलो. (जंतूंचं काय होत असेल, ते तेव्हाच कळायला हवं होतं.) बाटलीत बोटभर उरलेलं, म्हणून वर खोबरेल ओतून भरली. लॅबमध्ये तीच दिली. आज मॅडमना खरं सांगितलं. एकदा हसल्या, दोनदा ओरडल्या, पण दुसरी बशी द्यायला तयार आहेत.

हंडा मोडला असेल तर भंगारवाल्याचं नाव कळवा, मी येतो. शाबूत असेल तर नवी बाटली पाठवा. आणि बुचाला लाख लावा, माझा भरवसा नको.