आडवी रेघ

१३ डिसेंबर, शुक्रवार

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्याच्याकडे लक्ष द्यायचं मी सोडून दिलंय. तुमची पाठ कशी आहे?

डबा मंगळवारी पोचला. त्या बिस्किटांच्या डब्याला तुम्ही इतकी सुतळी गुंडाळली होती, की सोडवण्यात अर्धी सकाळ गेली. पोस्टमनने विचारलं, आत बॉम्ब आहे का आजोबा? मी म्हटलं, घरून आलंय, सांगता येत नाही.

पणजोबांची बाराही कार्डं नीट आहेत. वाळवी नाही, डाग नाही, दर दोन कार्डांमध्ये जुन्या मलमलीचा तुकडा. तीन घरं बदललीत, एका घराचा माळा तर गळका होता, आणि लढाईवरून आलेली ही कार्डं जशीच्या तशी. आम्ही दोघे भाऊ पणजोबांच्या नावाने भांडलो आणि त्यांना सांभाळलं तुम्ही. याचे आभार मानायलाच लिहायला बसलो. पण आधी काही कबूल करायला हवं, म्हणून कागद तीन दिवस तसाच पडून होता.

नऊ वर्षांपूर्वी मी घराण्याची पुस्तिका छापली, ती तुम्ही विसरला नसालच. छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म गेला माझा. पुस्तिकेत वेलांटीची चूक सापडायची नाही. पणजोबांची कार्डं म्हणजे सैनिकांना मिळायची ती छापील कार्डं. 'मी खुशाल आहे', 'मी जखमी आहे', 'मी इस्पितळात आहे', आणि वर बारीक अक्षरांत सूचना, 'नको ती वाक्ये खोडावीत'. दादाने चार कार्डांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. चारहींवर 'मी खुशाल आहे' या वाक्यावर आडवी रेघ. मी लिहून मोकळा झालो, की पणजोबांची लढाई बहुतेक इस्पितळाच्या खाटेवरच पार पडली.

दादा भडकला. तुम्ही मात्र स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत शांतपणे म्हणालात, "भाऊजी, ती कार्डं अशी वाचायची नसतात. सासूबाईंनी सांगितलंय मला."

मी म्हणालो, "छापलेलं कसं वाचायचं ते तुम्ही मला शिकवू नका."

हे वाक्य मला रोज आठवायचं असं म्हणणार नाही. ते आठवू नये म्हणून बरीच खटपट केली, हे खरं.

डब्यात तुमची एका ओळीची चिठ्ठी होती, 'भाऊजी, बारावं शेवटी वाचा.' तसंच केलं. पहिल्या अकरा कार्डांवर 'मी खुशाल आहे' वर रेघ. बाराव्यावर ते वाक्य कोरं, आणि रेघ 'मी इस्पितळात आहे' वर. तारीख पणजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली त्या आठवड्यातली. रेघही डाव्या हाताने ओढल्यासारखी वाकडी. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पणजोबा सुतार. सुताराने ज्या फळीवर रेघ मारली ती घ्यायची, बाकीच्या राहू द्यायच्या. वडिलांच्या शेडमध्ये हे मी लहानपणी शंभरदा पाहिलंय, आणि दादाने तर पुढे तीच शेड चालवली. ती बारीक सूचना पणजोबांनी वाचलीच नसणार. हवं ते वाक्य त्यांनी निवडलं आणि धाडून दिलं. आई सांगायची, पणजीला वाचता येत नव्हतं, ती कार्ड वाचणाऱ्याला एवढंच विचारायची, "रेघ कशावर आहे?" मला वाटायचं, म्हातारी जरा खुळीच असणार. बारावं कार्ड ऐकून ती रडली, हेही आईने सांगितलेलं. शेवटचं कार्ड म्हणजे आता माणूस घरी येणार, म्हणून मी ते आनंदाचं रडणं समजत होतो.

आता राहिलेलं सांगतो. भांडणानंतर महिन्याभराने मी समेट करायला आलो होतो. दादा शेडमध्ये होता. टेबलावर पुस्तिका पडलेली, वंशावळीचं पान उघडं, आणि माझ्या नावावर जाड पेन्सिलीची रेघ. मला रेघेचा एकच अर्थ ठाऊक. तुम्ही चहा टाकत होतात आणि मी न सांगता पायरी उतरलो. पुढे दादा आजारी पडला, तुम्ही फोन केलात, मी कामाचं निमित्त सांगितलं. काम काहीच नव्हतं. आलो तो दादा गेल्यावर.

तीच प्रत तुम्ही डब्याच्या तळाशी ठेवली आहे. रेघ माझ्या नावावर आहे. तुमच्याही नावावर आहे, दोन्ही मुलांच्या आणि दादाच्या स्वतःच्याही. बाकी सगळं घराणं कोरं. स्वतःचं नाव कोण खोडतो, वहिनी? त्या दिवशी मला फक्त माझंच नाव दिसलं. पस्तीस वर्षं लोकांच्या चुका काढून पगार घेतला आणि घरचं एक पान मला धड वाचता आलं नाही.

मी चुकलो. दादाला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला नऊ वर्षांत एकदाही वाईट बोलला नाहीत, आणि शेवटी डबा माझ्याच हाती दिलात. तुमचे उपकार मोठे आहेत, आणि ते मला जन्मभर मिरवायला आवडतील.

सोबत शुद्धिपत्र जोडलं आहे, पुस्तिका गेली त्या प्रत्येक घरी पाठवणार आहे. 'पान सात, ओळ चौथी: पणजोबांनी अकरा वेळा खुशाली कळवली आणि ती पणजीला बरोबर समजली, असे वाचावे.' काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. या वेळी तुमचा शब्द शेवटचा.

डबा पोस्टाने पाठवणार नाही. पुढच्या रविवारी स्वतः घेऊन येतो. तेव्हाचा चहा राहिलाय.

खाली माझ्या नावावर पेन्सिलीने रेघ मारली आहे. ती छापखान्यातली नाही, घरची आहे.

तुमचाच,
धाकटा