टोपीवाल्याची कॅसेट

बाबा, परवा दिवेआगरच्या एका रिसॉर्टच्या मागच्या दाराशी मी कोकमाच्या आगळाच्या बाटल्या उतरवत होते आणि वर छताला लावलेल्या स्पीकरमधून तुमच्यासारखं कुणीतरी गिटार वाजवत होतं. ‘तुमच्यासारखं’ एवढंच लिहिते. ‘तुम्ही’ लिहायची घाई करत नाही, कारण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. नारळ कानाशी हलवल्याशिवाय मी अजूनही घेत नाही. दुकानदाराने गोड बोलून वजन केलं की मी काटा पुन्हा रिकामा करून बघायला लावते. तुम्ही मला लहानपणी फौजदारीण म्हणायचात. सासरी आले, पोरं मोठी झाली, केस पिकले, पण फौजदारकी काही सुटली नाही. म्हणून बाटल्या तशाच ठेवून मी त्या दाराशी उभी राहिले आणि कान देऊन ऐकायला लागले, ते तुमच्या आठवणीने नव्हे, चोर पकडायला.

जुनंच सिनेमाचं गाणं होतं, आईच्या लग्नाच्या वेळचं. शब्द नाहीत, नुसती गिटार. आणि ती चाल, अंगठ्याने खालच्या जाड तारांवर टुकूटुकू, टुकूटुकू, घोडा दुडक्या चालीने चालल्यासारखी, आणि वर बाकीच्या बोटांनी गाणं. मुंबईला रंगाच्या कारखान्यात होतात तेव्हा शेजारच्या खोलीतल्या वसईकडच्या अंकलनी तुम्हाला हे शिकवलं होतं. अमेरिकेतले गुरं राखणारे लोक असं वाजवतात, त्याला कंट्री म्हणतात, असं ते म्हणाले म्हणे. “कंट्री म्हंजे गावठी,” तुम्ही आम्हाला समजावून सांगायचात, “म्हंजे आपलंच हाय ते.” कारखाना बंद पडला, तुम्ही गावी परत आलात, भातशेती बघायला लागलात, म्हसळ्याला लाकडाच्या वखारीत कामाला जायला लागलात, पण गिटार बरोबर आली. संध्याकाळी पडवीत बसून वाजवायचात. वाडीतल्या लोकांना आधी हसू यायचं, आपली गाणी अशी घोड्यावर बसवलेली ऐकून. नंतर सवय झाली.

तुमच्या वाजवण्यात दोन खोडी होत्या. एक, अंगठ्याचं नख. ते तुम्ही कधी कापायचा नाहीत, आई जेवताना त्या नखाकडे बघून नाक मुरडायची. वाजवताना ते तारेवर आधी टक्‌ करायचं आणि मग सूर निघायचा. दुसरी खोड म्हणजे घाई. मुखडा संपला की तुम्हाला अंतऱ्यापर्यंत दम निघायचा नाही, जरा आधीच आत घुसायचात. आई चुलीपाशी बसून ओरडायची, “अवो, बोर्लीची एस्टी सुटत्याय काय? जरा दम धरा की!” आणि तुम्ही हसायचात, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच घाई करायचात.

परवा त्या स्पीकरमधून मला नख ऐकू आलं. टक्‌, आणि मग सूर. मी स्वतःला म्हटलं, नखं काय जगात सगळ्यांनाच असतात. मग मुखडा संपला आणि वाजवणारा अंतऱ्यात आधीच घुसला. मी तिथूनच आत हाक मारली. आतून रिसॉर्टच्या मालकीणबाई आल्या. त्यांना विचारलं, हे काय लावलंय? त्या म्हणाल्या, “काही नाही हो, यूट्यूबवरचं आहे. कंट्री गिटारवर जुनी गाणी. पाहुण्यांना जेवताना बरं वाटतं.” त्यांनी मोबाईल दाखवला. गाणी सुरू असताना वर एकच चित्र होतं. घोड्यावर बसलेला, मोठी टोपी घातलेला गोरा माणूस.

आपली कॅसेट, बाबा. तीच टोपी, तोच घोडा.

ती तुम्ही मुंबईहून आणली होतीत. सांगायचात की एका छोट्या कंपनीने जुनी गाणी कंट्री गिटारवर भरायची ठरवली, अंकलना बोलावलं, अंकलना ताप भरला, म्हणून तुम्ही गेलात आणि दुपारभरात सगळी गाणी वाजवून आलात. कॅसेटवरच्या गोऱ्या माणसावर बोट ठेवून म्हणायचात, “ह्यो मी हाय.” सगळे हसायचे. मी हसायचे नाही, मी तपास करायचे. मी विचारलं, मग तुमचं नाव का नाही? “इसरले टाकायला.” मग तुमचा फोटो का नाही? “आपल्या तोंडाला कोन घेनार?” प्रत्येक प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर तयार असायचं आणि त्यामुळेच माझा संशय वाढत गेला. खऱ्या माणसाला कधीतरी अडखळायला होतं, असं मला तेव्हाही वाटायचं. वर माझ्याकडे पुरावा होता. कॅसेट लावली की त्यातली गिटार मऊ, घोगरी यायची, सूर लांबत, झोके खात जायचे. तुमची गिटार कोरडी, सरळ. त्या टेपमध्ये ना नख होतं ना घाई. आमच्या बाबांना असं डुलत वाजवता येत नाही, हे मला साफ ऐकू येत होतं. मनात मी निकाल देऊन टाकला होता की बाबा थापा मारतात. तुमच्यावरची माया कमी झाली नाही, पण त्या कॅसेटपुरता मी तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडलं होतं.

ती कॅसेट आईच्या ताब्यात असायची. आपल्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, मग कॅसेटचं काय घेऊन बसलात. आई जे जे जपायचं ते चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. सुकी मासळी, मिरच्या, आगपेट्या, बियाणं, आणि त्या सगळ्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली तुमची कॅसेट. खाली चूल धगधगतेय, वर धूर आणि ऊब. तिथे ठेवलेली वस्तू दमट होत नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. दर पावसाळ्यात ती न चुकता ठेवायची, आणि गणपतीला सगळे जमले की फळीवरून काढून, पदराने पुसून द्यायची. कॅसेटला मिरच्यांचा आणि सुकटीचा वास यायचा. मोठे काका मुंबईहून आले की नाकाला रुमाल लावून म्हणायचे, “अगं, तुझ्या घरात गानंपन वास मारतं!” आई हसण्यावारी न्यायची, पण आत जाऊन तो लुगड्याचा तुकडा धुवायला घ्यायची, हे मी बघितलंय.

आणि मग तो गणपती. दुपारची जेवणं झालीत, पडवी माणसांनी भरली आहे, काकांनी मुंबईहून मोठा टेपरेकॉर्डर आणलाय. काका म्हणतात, “आज सोक्षमोक्ष लावू. कॅसेट लावतो, तू संगं वाजव. तू हायस तर जुळंल.” सगळ्यांना गंमत वाटते. मला तर आनंदच होतो, कारण माझा तपास आता मोठी माणसं करणार. तुम्ही गिटार घेऊन बसता. टेप सुरू होते, तुम्ही वाजवता, आणि सूर एकमेकांना खायला उठतात. टेप खाली, तुम्ही वर. तुम्ही हात वर करता, टेप थांबवायला लावता, खुंट्या पिळून तारा सैल करता. पुन्हा सुरुवात. आता तुम्ही खाली आणि टेप मध्येच वर सरकतेय. लोक हसायला लागतात. काका म्हणतात, “अरं, टोपी घातल्याबिगर जमत न्हाय वाटतं!”

तेव्हा तुम्ही काय केलंत ते मी विसरलेले नाही, फक्त त्याचा अर्थ मला आतापर्यंत कळला नव्हता. तुम्ही पुढे होऊन टेपमधून कॅसेट काढली. हातात धरून तिच्या कडेवरून नखाचा अंगठा फिरवला. नाकाजवळ नेलीत. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलंत. तिथे आई उभी होती, हातात तुपाचं भांडं होतं आणि ती तुमच्याकडे बघत होती. तुम्ही तोंड उघडलंत, आणि मिटलंत. मग काकांकडे वळून म्हणालात, “न्हाय तो मी. मी आपलं गमतीनं सांगत व्हतो.”

त्या दिवशी मला केवढं समाधान वाटलं, बाबा. गुन्हा कबूल. त्यानंतर काका प्रत्येक गणपतीला तुम्हाला टोपीवाला म्हणायचे, आणि तुम्ही तेही ऐकून घ्यायचात. गिटार हळूहळू कमी झाली. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला आलेल्यांतसुद्धा कुणीतरी हळूच म्हणालं, “आपला टोपीवाला गेला.” आणि तुमची मुलगी, जिला सगळ्याचा संशय यायचा, तिला तुमच्या त्या एका कबुलीचा इतक्या वर्षांत कधी संशय आला नाही.

परवा घरी आले ती थेट माहेरच्या ट्रंकेतून आणलेली कॅसेट काढली. लावायला टेपरेकॉर्डर नाही, पण लावायची गरजच पडली नाही. टेबलावर ठेवली आणि बोट लावलं. ती डुगडुगली. सपाट बसतच नाही, एक कोपरा वर उचललेला. अजून मिरच्यांचा वास आहे. चुलीच्या उबेने कॅसेट वाकली होती, आत फीत अडत अडत चालत होती, सूर लांबत होते, झोके घेत होते, नखाचा आवाज त्यात बुडून गेला होता. मी ज्याला त्या टोपीवाल्याची कला समजत होते ती आपल्या चुलीची करणी होती. कुणा दुसऱ्याच्या कोरड्या घरात याच कॅसेटची दुसरी प्रत नीट राहिली, त्याने ती यूट्यूबवर चढवली, आणि त्यात तुम्ही आहात. आता लिहिते. तुम्ही आहात.

पण माझं डोकं तिथे थांबत नाही. तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं. अंगठा कडेवरून फिरवलात तेव्हाच कळलं. एक वाक्य पुरलं असतं, चुलीवर ठेवून वाकली म्हणून. तुमचं खरं ठरलं असतं. पण मग काकांनी ती कॅसेट सगळ्या पडवीत फिरवली असती, प्रत्येकाला वास घ्यायला लावला असता, आणि वर्षानुवर्षं तुमच्या जागी आईला धारेवर धरलं असतं. तुम्ही दाराकडे बघितलंत आणि स्वतःला खोटं पाडून घेतलंत. हा आपला माझा संशय. पुरावा नव्हता, म्हणून काल आईकडे गेले.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे, पण कान तिखट आहेत. ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी मोबाईल तिच्याजवळ ठेवला आणि गाणं लावलं. शेंग हातात तशीच राहिली. मुखडा संपला, तुम्ही अंतऱ्यात घुसलात आणि आई मोबाईलवर ओरडली, “अवो, दम धरा की!” मग पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसली की रडली ते मला नीट सांगता येणार नाही. मलाही आवरलं नाही. नंतर म्हणाली, “आपली टेप नीट केलीस व्हय?” मी विचारलं, “ती बिघडली होती, हे तुला माहीत होतं?” “व्हय तर. त्या गनपतीला रातच्याला तुझे बाबा मला म्हनाले, पावसानं बिघडली टेप, तू जीवाला लावून घेऊ नको. म्या येवढी चुलीवर जपली, पर कोकनातला पाऊस कुटनं शिरंल त्याचा काय नेम?”

म्हणजे मला पुरावा मिळाला, बाबा. तुम्ही टोपीवाले होतात, आणि थापाही मारायचात. थापा दोनच मारल्यात, एक सगळ्यांदेखत काकांना आणि दुसरी त्याच रात्री आईला.

आज सकाळी बाटल्या द्यायला गेले तेव्हा मालकीणबाईंना सांगितलं की हे वाजवणारे माझे बाबा आहेत. त्यांनी टोपीवाल्याच्या चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सभ्यपणे हसल्या. “हो का?” म्हणाल्या. मी चिडले नाही. तुम्ही इतकी वर्षं कशी काढलीत ते जरासं कळलं, एवढंच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकलं तर आईच्या हाती लागायचं, आणि ती नातवाकडून वाचून घेईल. कारण काल तिने शेवटी मला सरळ विचारलं, “पावसानंच ना गं बिघडली व्हती ती? तू बघितलीस की उघडून.” वाकलेली कॅसेट माझ्या पिशवीतच होती. जन्मभर सगळ्यांना खरं काय ते विचारत आलेली तुमची फौजदारीण आईला म्हणाली, “हो गं, पावसानंच.”