अकरा वर्षांनी निकाल

उज्ज्वला,

वकिलांचा फोन आला. साखर कारखान्याच्या चेअरमनने माझ्यावर लावलेला बदनामीचा दावा कोर्टाने फेटाळला. पेपरातून निवृत्त झालो तरी तो पाठ सोडत नव्हता. ऊसतोड मजुरांची मजुरी बुडवल्याची माझी बातमी आज अकरा वर्षांनी खरी ठरली.

मी नांदूरघाटला दगडाबाईंकडे निघालोय. ऊस तोडणाऱ्या त्या बाई कोर्टात चेअरमनकडं बघून म्हणाल्या होत्या, "सायबांनी लिवलं ते समदं खरं हाय." पुढं त्यांना कुठल्याच टोळीनं कामावर घेतलं नाही. निकाल त्यांना मीच सांगणार.

"एका बातमीपायी घराचं वाटोळं केलंत," म्हणून आपला लेक सोमेश्वर वेगळा राहिला. त्याला तू फोन कर, संध्याकाळी जेवायला बोलाव. दगडाबाईंनाही मी घेऊन येतो. दोघांना शेजारी बसवायचं, आणि वाढायला मी.

आप्पाराव