खाडीकडची बाजू

६ जानेवारी

परेश पेढे घेऊन आला. शिफ्ट इनचार्ज झाला म्हणून — माझ्या जागेवर! आयत्या बिळावर नागोबा. "क्रांती मॅडम, मनात काही ठेवायचं नाही हां," म्हणत खोका पुढे केला. मी दोन उचलले. पेढ्यांशी माझं वैर नाही.

मनात मात्र सगळं ठेवलंय.

७ जानेवारी

झालं ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.

जहाजावरून उतरलेले कंटेनर आमच्या सायडिंगला, म्हणजे बंदराच्या फाट्याच्या रुळांवर, मालगाडीवर चढतात आणि नागपूरला जातात. तिकडून तांदूळ, कापूस भरून परत येतात ते जहाजावर. एका गाडीला पंचेचाळीस वॅगन. प्रत्येक कंटेनर चार कोपऱ्यांना चार लॉकनी वॅगनला धरलेला. लॉक आपोआप बसतात, पण गंजलेलं एखादं अडून राहतं, ते हाताने बसवायचं. म्हणून गाडी सुटायच्या आधी दोन्ही बाजूंनी चालत जाऊन बघायचं आणि तपासणीच्या कागदावर सही करायची. भरलेला कंटेनर स्वतःच्या वजनाने बसून राहतो. रिकामा वाऱ्याने उडतो.

११ डिसेंबरला माझी रेवसहून खाडीपलीकडे येणारी पहिली होडी चुकली. करंज्याला उतरून सायडिंगला पोचले तोवर गाडी सुटायची वेळ झालेली. परेश म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, मी बघितलंय ना. तू फक्त सही मार." मारली. कसाऱ्याच्या पुढे रिकामा कंटेनर रुळाकडेला जाऊन पडला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. चौकशीत हाच परेश म्हणतो, "सही कुणाची आहे ते बघा ना सर."

चार वर्षांत माझ्या एकाही गाडीचं लॉक उघडं निघालं नव्हतं. आता मी गेटवर बसून ट्रकवाल्यांच्या पावत्या फाडते.

याचं उट्टं मी काढणार. मला माझी जागा परत हवी आहे, आणि ती परेशच्या हातून काढून हवी आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. परेशला तिळगूळ दिला. गोड बोला म्हटलं नाही.

२० जानेवारी

सापडलं!

परेश फक्त रस्त्याकडची बाजू चालतो. खाडीकडची चालतच नाही. तिकडे चिखल, तिवरं, डास — एकदा घोणसही निघाली होती. कागदावर मात्र दोन्ही बाजूंना टिक. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी खाडीकडून गेले. एकोणीस नंबरची वॅगन, एक लॉक उघडं. फोटो काढला. इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग लॉक बसवलं. हात आपोआप गेला.

३ फेब्रुवारी

सहा फोटो झाले. सहाही लॉक मीच बसवली.

संध्याकाळी आईने डबा उघडला, तर भाकरी तशीच. "कुणाचा वाईट चिंततेस गो? अन्न अंगाला लागत न्हाय तुझ्या." खरंय तिचं. नाव सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

फोटो चांगदेवसाहेबांना दाखवले. सगळं यार्ड त्यांच्या हाताखाली. त्यांनी चष्मा वर करून एकेक पाहिला. मग म्हणाले, "पण गाड्या तर लॉक बसवूनच गेल्या ना? नागपूरहून एक तक्रार नाही. मग मी लिहू काय?"

मी म्हटलं, ती मी बसवली. म्हणाले, "गेटची ड्युटी सोडून?"

बाहेर आले तर कॅन्टीनजवळच्या फळ्यावर परेशचा फोटो! महिनाभरात शून्य घटना. चिखलात मी लोळायचं आणि फळ्यावर हा हसणार. माझ्याच हाताने मी त्याचं नाव घासूनपुसून लख्ख करत होते. कपाळ माझं.

१० फेब्रुवारी

ठरलं. आता सापडलं तर बसवणार नाही. गाडी सुटली की रेल्वेच्या कंट्रोलला फोन करून पनवेलला थांबवायला लावणार. तिथे उघडं सापडेल, रेल्वेच्या कागदावर चढेल, मग खाली सही कुणाची ते मीच विचारीन. पनवेलपर्यंत गाडी रांगत जाते. तेवढ्यात काही होत नाही. असं स्वतःला तीनदा सांगितलं.

१२ फेब्रुवारी

एकतीस नंबर. रिकामा कंटेनर, खाडीकडची दोन्ही लॉक उघडी. बारा पन्नासला फोटो काढला. हात ओढणीत गुंडाळून परत आले. चालताना दोनदा थांबले, पण मागे गेले नाही.

दोन दहाला गाडी सुटली. सव्वादोनला फोन केला. त्या पाच मिनिटांत तो कंटेनर माझ्या डोळ्यांपुढे शंभरदा पडला.

पनवेलला गाडी चाळीस मिनिटं उभी. मागे आणखी दोन अडकल्या. एकतीस नंबरची चारही लॉक बसलेली निघाली!

मी साहेबांपुढे फोटो धरला. परेश म्हणाला, "फोटो जुना असणार, मोबाइलची वेळ काय, कुणीही बदलतं." पण बोलताना स्वतःच गोंधळलेला दिसत होता. म्हणजे त्याने बसवली नाहीत. साहेबांनी आवाजही चढवला नाही. "सूडापायी गाडी अडवलीस, क्रांती. सोमवारी लेखी खुलासा दे, नाहीतर घरी बस."

१३ फेब्रुवारी

मी डोळ्यांनी पाहिलंय. वेडी नाही मी.

सोमवारी कोण ऐकणार?

१४ फेब्रुवारी

दुपारी तुळशीरामकाका गेटवर आले. जुने पॉइंटमन, झेंडा दाखवून गाडी सोडतात ते. "ती दोन मी लावली, बाय. गाडी सुटायच्या आधी शेवटचा फेरा माझाच असतो."

मला रडूच आलं. म्हटलं, काका, सोमवारी साहेबांना एवढंच सांगा. परेश संपला, मी सुटले.

"सांगतो की. पन साहेब इचारतील, कधीपासून लावतोस. तुझ्या येळेपासून, बाय. पावसात तू तरी कुठं खाडीकडं उतरायचीस? चार वरसांत तुझी किती लावली, मोजली न्हाय. डिसेंबरात मी पालीला गेलो व्हतो, तेवढाच फेरा चुकला."

मी म्हटलं, राहू द्या काका. सोमवारी नका येऊ.