पॅसेंजरने येतो

चि. श्रावण,

आशीर्वाद आहेतच. आधी खाली बस, मग वाच.

परवा आलास आणि पाटवडी उभ्यानंच खाऊन भिलाईला परत पळालास. तुझी कौसल्यावहिनी म्हणाली, "भाऊजी, बसा नं जरा. घड्याळ का पळून जाते?"

तू म्हणालास, "वैनी, मले मरायलेही फुरसत नाही."

कौसल्या हसली नाही. डॉक्टरनं तुझ्या छातीबद्दल काय सांगितलं, ते तिला ठाऊक आहे. तुझ्यासाठी मांडलेला पाट तिनं सांजेपर्यंत उचलला नाही.

मला शाळेचं ज्ञान नाही, मागाचं आहे. बाबा सांगत, तार तुटली की आधी हात थांबव, गाठ मार, मग धोटा फेक. तसंच रेटत विणलं तर लुगडं दुरून बरं दिसतं, पण पहिल्याच धुण्यात तिथं फाटतं. लहानपणी तर तू माझ्याहून सुबक गाठ मारायचास. आता नुसता चहा तरी बसून पीत जा गा.

हे पत्र मी टाकणार नाही. कारखान्याच्या फाटकात सायकलीवरूनच वाचशील आणि खिशात कोंबशील. त्यापेक्षा दोन ओळींचं कार्ड टाकतो: रविवारी येतो, स्टेशनवर घ्यायला ये. मेलनं नाही, पॅसेंजरनं. ती बापडी प्रत्येक गावाची विचारपूस करत येते, म्हणजे उशीर ठरलेला. तोवर तुला बाकावर बसावंच लागेल.

मी उतरताना दिसलो तरी उठू नको. मीच येऊन तुझ्याजवळ बसतो.

तुझा थोरला,
धोंडबा